अवघड विषय दहा मिनिटांत कसा सांगायचा: पहिल्यांदाच बोलणाऱ्यांसाठी

सोसायटीची एजीएम असो, गणपतीचा मांडव असो, कॉलेजातला २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन असो नाहीतर ग्रामसभा, कधीतरी कोणीतरी म्हणतंच की "तुमचा तो विषय आहे ना, त्यावर दहा मिनिटं बोला की, सगळ्यांना समजेल असं." आपण हो म्हणतो, आणि मग घरी बसून लॅपटॉप उघडला की पहिली स्लाइड तयार होते 'प्रस्तावना', दुसरी 'व्याख्या', तिसरी 'प्रकार'. इथेच थांबा. या रस्त्याने गेलात तर चौथ्या मिनिटाला लोक व्हॉट्सअ‍ॅप उघडणार.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना आपला विषय नीट येतो पण विषयाबाहेरच्या माणसांसमोर उभं राहायची सवय नाही. नुसत्या टिपा दिल्या तर कोरडं होईल म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो, बोअरवेलचं. शेजारच्या सोसायटीच्या बोअरला पाणी आहे आणि आपल्या नाही, असं का? हा प्रश्न महाराष्ट्रात कुठेही विचारला तरी लोक कान टवकारतात, आणि त्यामागचं भूशास्त्र चांगलंच गुंतागुंतीचं आहे, त्यामुळे सरावाला उत्तम.

पायरी १: समोरच्यांच्या डोक्यात आधीच काय आहे ते शोधा

बहुतेक जण ही पायरी करतच नाहीत आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. आपल्याला वाटतं श्रोते म्हणजे कोरी पाटी, आपण लिहायचं. तसं नसतंच. प्रत्येकाकडे तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर आधीपासून तयार असतं, कधी आजोबांकडून आलेलं, कधी फॉरवर्डमधून, कधी स्वतःच जोडलेलं, आणि तुमचं उत्तर त्याच्या शेजारी जाऊन बसतं. जुन्या उत्तराला तुम्ही हातच लावला नाही तर लोक टाळ्या वाजवतात, चहा पितात, आणि घरी जाऊन जुनंच सांगतात.

म्हणून भाषण लिहायच्या आधी चार-पाच जणांना विचारा. लिफ्टमध्ये, किराणा दुकानात, बायकोच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला, वॉचमनकाकांना. "बोअरला पाणी कुठून येतं हो?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं, दुरुस्त करायचं नाही. बोअरच्या बाबतीत साधारण तीन उत्तरं मिळतात. एक, जमिनीखाली नद्या किंवा झरे वाहतात, त्यावर भोक पडलं की पाणी लागलं. दोन, खोल गेलं की पाणी मिळतंच, तीनशे फुटाला नाही तर पाचशेला. तीन, माझ्या जागेत मारली म्हणजे ते पाणी माझं.

आता या तिघांशी एकदम भांडायचं नाही. एकच निवडा. शेतकऱ्यांसमोर बोलणार असाल तर दुसरं घ्या, कारण खोल जाण्यापायी खरे पैसे जातात, कर्ज काढून बोअर मारलेली असते. शहरातल्या सोसायटीत तिसरं घ्या. शाळेतल्या मुलांसमोर पहिलं, मुलांना जमिनीखालची नदी आवडते आणि ती नसते हे कळल्यावर जास्त आवडतं.

आणि पाण्याची जागा सांगणाऱ्या पाणाड्याची चेष्टा करू नका, नारळ घेऊन फिरणारा, कडुलिंबाची फांदी घेऊन फिरणारा, कोणीही असो. समोरच्या दहातल्या चौघांनी त्याला बोलावलेलं असतं. तुम्ही हसलात की ते तुमच्यापासून उठून गेले, खुर्चीवर बसलेले दिसले तरी.

पायरी २: एक वाक्य लिहा, आणि ते माणसाच्या तोंडी शोभेल असं लिहा

घरी गेल्यावर आई विचारेल, "काय सांगितलं रे त्यांनी?" त्यावर मुलगा जे एका दमात सांगू शकेल ते तुमचं वाक्य. 'भूजलाचे शाश्वत व्यवस्थापन ही काळाची गरज' असलं वाक्य कोणी घरी जाऊन सांगत नाही. माझं वाक्य असं: "आपल्याकडच्या दगडात पाणी नसतं, दगडाच्या भेगांत असतं, आणि त्या भेगा पावसाशिवाय भरत नाहीत."

हे वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा आणि मग भाषणातला प्रत्येक मुद्दा त्याच्याशी घासून बघा. मुद्दा त्या वाक्याला मदत करतोय का? नसेल तर काढा. कितीही आवडता असला तरी काढा. मला स्वतःला दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांमधली ती लाल मातीची पट्टी फार आवडते, घाटात कापलेल्या डोंगरात दिसते ती, तिच्यावर अर्धा तास बोलू शकतो, पण दहा मिनिटांत तिला जागा नाही. काढलेलं सगळं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, प्रश्नोत्तरांत उपयोगी पडतं.

पायरी ३: वेळ म्हणजे तुम्हाला सांगितलेली वेळ नव्हे

थोडा हिशोब. आपण शांतपणे, श्वास घेत बोललो तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे दहा मिनिटांत हजार-बाराशे, फुलस्केपची तीन-चार पानं. त्यात वस्तू दाखवायची असेल, लोक हसणार असतील, तर अजून कमी.

जगभर हे लोक कडकपणे पाळतात. टेडच्या भाषणांना १८ मिनिटांची मर्यादा असते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा सुरू केली, तिच्यात आख्खा प्रबंध ३ मिनिटांत सांगायचा, एकच स्लाइड, तीही न हलणारी. टोकियोत २००३ मध्ये सुरू झालेल्या पेचाकुचा या सादरीकरणाच्या प्रकारात २० स्लाइड्स आणि प्रत्येकीला २० सेकंद, स्लाइड आपोआप पुढे सरकते, तुम्ही तयार असा किंवा नसा.

आपल्याकडे वेगळंच असतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, शाल-श्रीफळ, मग सूत्रसंचालक तुमचा बायोडेटा वाचणार आणि त्यात एक शेर टाकणार. सातचा कार्यक्रम पावणेआठला सुरू झाला की कोणीतरी कानात येऊन सांगतं, "सर, जरा आवरतं घ्या." त्यामुळे दहा मिनिटांचं बोलावणं असेल तर भाषण आठ मिनिटांचं करा आणि पाच मिनिटांची एक आवृत्ती डोक्यात तयार ठेवा. पाचवाल्यात काय राहील ते आधीच ठरवा: प्रश्न, प्रयोग, वाक्य. बाकी सगळं गेलं तरी चालेल. स्टेजवर उभं राहून काय गाळायचं ते ठरवायला गेलात की नेमकं महत्त्वाचं गळतं.

पायरी ४: सुरुवात प्रश्नाने करा, नमनाला घडाभर तेल नको

"सन्माननीय व्यासपीठ, अध्यक्ष महोदय, आणि इथे जमलेल्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो..." हे पूर्ण टाळता येत नाही, मान्य आहे, गावात तर अजिबातच नाही, सरपंचांचं नाव राहिलं तर पुढची पाच वर्षं ऐकावं लागेल. पण ते एका श्वासात उरका. "मला इथे बोलण्याची संधी दिल्याबद्दल" वगैरे नको, आणि "माझा विषय जरा अवघड आहे, समजायला कठीण जाईल" हे तर मुळीच नको, आपण होऊन लोकांना झोपायची परवानगी कशाला द्यायची.

सरळ विचारा: "इथे किती जणांच्या घरी किंवा शेतात बोअर आहे? हात वर करा. त्यातल्या किती जणांची फेल गेली?" हात वर होतात, लोक एकमेकांकडे बघून हसतात, मागून कोणीतरी ओरडतं "तीन मारल्या, तिन्ही फेल!" आणि झालं, विषय तुमचा राहिला नाही, त्यांचा झाला. आता त्या तीनवाल्या काकांचा चेहरा लक्षात ठेवा, पुढे दोनदा त्यांच्याकडे बघून बोलायचंय.

पायरी ५: दाखवा

१९८६ साली अमेरिकेचं चॅलेंजर यान उडाल्यावर ७३ सेकंदांत फुटलं, सात अंतराळवीर गेले. चौकशी समितीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. समिती सगळ्यांसमोर बसलेली असताना त्यांनी यानाच्या सांध्यात वापरायचं तसलं रबर छोट्या चिमट्यात दाबून समोरच्या बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवलं, बाहेर काढून चिमटा सैल केला आणि दाखवलं की गार झालं की हे रबर पटकन पूर्वीच्या आकारात येत नाही. उड्डाणाच्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. एक ग्लास, एक चिमटा. रबराच्या लवचिकतेचे आलेख त्या समितीपुढे भरपूर आले असतील, लोकांच्या लक्षात ग्लास राहिला.

बोअरवेलसाठी माझं सामान असं: एक वरवंटा, एक लिटरची काचेची बरणी, बरणीभर खडी, आणि मापाचं भांडं. सगळं मिळून खर्च जवळजवळ शून्य, खडी तर कुठल्याही बांधकामावर मागितली तर मूठभर काय घमेलंभर देतात. खडी घरून धुवून न्या, नाहीतर बरणीतलं पाणी गढूळ होतं आणि मागच्यांना काही दिसत नाही.

आधी वरवंटा हातात घ्यायचा. "हा कुठला दगड?" लोक म्हणतात काळा दगड. बरोबर, बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि त्यातून हा झाला, महाराष्ट्राचा जवळपास ८० टक्के भाग याच्यावर बसलाय, सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे म्हणजे तेच थर, अजिंठा-वेरूळची लेणी याच्यातच कोरलेली. एवढंच, पंचवीस सेकंद. मग वरवंट्यावर पाणी ओता. ओघळून खाली. "प्यायला का?" नाही. "मग तुमच्या बोअरला पाणी या दगडातून येतं म्हणता?" इथे थांबा. दोन सेकंद खरंच थांबा, मनात मोजा. नवीन माणसाला ही शांतता खायला उठते म्हणून तो लगेच स्वतःच उत्तर देऊन टाकतो, आणि प्रश्नाचा जीव जातो.

मग बरणी. "हाच दगड, फक्त फुटलेला. ही बरणी खडीने काठोकाठ भरलीये. यात अजून किती पाणी मावेल?" लोक अंदाज करतात, एक कप, दोन कप, कोणी म्हणतं मावणारच नाही. मापाने ओतायला लागा, हळूहळू. साधारण ४०० मिली जातं, लिटरच्या बरणीत, दगडाने भरलेल्या. मागच्या रांगेतले उठून बघतात, दरवेळी. मग सांगायचं की जमिनीखाली अशा फटी एवढ्या मोकळ्या नसतात, खूप कमी असतात, वरच्या कुजलेल्या मुरमात जास्त, खाली घट्ट दगडात कमी, आणि खोल जावं तशा बहुतेक ठिकाणी अजून कमी होत जातात. तुमच्या भोकाला भेग लागली तर दोन इंच पाणी, आणि वीस फुटांवर शेजारच्याच्या भोकाला नाही लागली तर नुसती धूळ. आता तीनवाल्या काकांकडे बघा.

हे जे शेवटी केलं ना, 'जमिनीखाली असं एवढं मोकळं नसतं' हे सांगणं, ते विसरू नका. कुठलाही प्रयोग किंवा उपमा एका ठिकाणी खरी असते आणि दुसऱ्या ठिकाणी दिशाभूल करते. भूजलासाठी सगळे बँकेच्या खात्याची उपमा देतात, पाऊस म्हणजे भरणा आणि पंप म्हणजे विड्रॉल. चांगली आहे, पण तुम्ही नुसतं खातं म्हणालात तर माणूस समजतो माझं खातं, माझे पैसे, म्हणजे तो तिसरा गैरसमज तुम्हीच पक्का केलात. म्हणून वापरायचीच असेल तर लगेच पुढे जोडा की हे आख्ख्या आळीचं जॉइंट खातं आहे, पासबुक कोणाकडेच नाही आणि एटीएम कार्ड सगळ्यांकडे आहे.

सामानाबद्दल दोन बारीक गोष्टी. काचेच्या बरणीखाली पांढरा कागद किंवा मागे पांढरा पुठ्ठा धरा, नाहीतर पाण्याची पातळी पाचव्या रांगेच्या पुढे दिसत नाही, आणि पाण्यात चमचाभर चहाचं पाणी किंवा रंग टाका. दुसरं म्हणजे माइकची वायर आणि पाणी लांब ठेवा, आणि ओतताना माइक धरायला कोणालातरी शेजारी उभं करा, दोन हातांत तीन वस्तू मावत नाहीत.

पायरी ६: आकडे एक किंवा दोन

आकडा पाठ राहत नाही, आकड्याची कल्पना राहते. माझा आवडता हिशोब: १ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर पडला की बरोबर १ लिटर पाणी होतं. हे एवढं सोपं आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मग हजार चौरस फुटांची गच्ची घ्या, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरा, पुण्यात साधारण तेवढा पडतो. झाले ६५ हजार लिटर. दहा हजार लिटरचे साडेसहा टँकर, तुमच्या गच्चीवरून गटारात. सोसायटीच्या सेक्रेटरीला टँकरचं बिल पाठ असतं, पुढचा गुणाकार तो स्वतःच करतो, तुम्ही करू नका.

'भारत जगात सगळ्यात जास्त भूजल उपसतो' हेही खरं आहे आणि मोठं आहे, पण माझ्या वाक्याला ते गच्चीएवढी मदत करत नाही. म्हणून ते वेगळ्या फाइलमध्ये.

शब्दांचंही तसंच. जलधर, पारगम्यता, पुनर्भरण, हे शब्द चुकीचे नाहीत, पण आधी बरणी दाखवा, लोकांना गोष्ट कळू दे, मग हवं तर नाव सांगा. एका भाषणात दोन नवीन शब्द पुरेत.

पायरी ७: स्लाइड्स (असल्याच तर)

दहा मिनिटांना तीन-चार. फोटो मोठा, मजकूर पाच-सहा शब्द. स्लाइड वाचून दाखवणार असाल तर प्रिंट काढून वाटा आणि घरी जा.

मराठीत एक खास भानगड असते ती सांगतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली स्लाइड दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की सगळं चिनी-लॅटिन खिचडी दिसतं. युनिकोडमध्येच टाइप करा आणि तरीही पीडीएफ करून न्या, पेनड्राइव्हवर एक, मेलवर एक. आणि हॉल दुपारचा असेल, खिडक्यांना पडदे नसतील, तर प्रोजेक्टरवर काळपट फोटो दिसणारच नाही. आयोजकांना आधी फोन करून विचारायचे प्रश्न: पडदे आहेत का, माइक हातातला की स्टँडचा, टेबल किती उंच, लाइट गेली तर काय. लाइट गेली तर वरवंटा चालतो, हा त्याचा मोठा गुण.

पायरी ८: मोठ्याने सराव

मनातल्या मनात वाचणं हा सराव नाही. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून. पहिल्यांदा बोलाल तेव्हा तेरा मिनिटं होतील, घाबरू नका, काय कापायचं ते ऐकतानाच कळतं. फोनवर रेकॉर्ड करा, स्वतःचा आवाज ऐकायला कसंतरी वाटतं पण 'म्हणजे', 'अ‍ॅक्च्युअली', 'ठीके' किती वेळा आलं ते समजतं.

भाषण पाठ करू नका, पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन पाठ करा. मधलं मुद्द्यांवर सांगा. पाठ केलेलं एकदा अडलं की पूर्ण अडतं, आणि लिहिलेली मराठी बोलताना खोटी वाटते, 'त्याचप्रमाणे', 'तद्वतच' असले शब्द तोंडातून येऊ लागतात.

सगळ्यात उपयोगी परीक्षा ही. तीन मिनिटांची व्हॉइस नोट करून आत्याला, मामीला, ज्यांचा विषयाशी संबंध नाही अशा कोणालाही पाठवा, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणा, "काय सांगितलं मी, सांग बरं." आवडलं का असं विचारू नका, आत्या नाही म्हणणार नाही. तिने परत सांगितलं त्यात तुमचं वाक्य आलं तर जमलं. फक्त "छान बोललास हो, पाणी वाचवलं पाहिजे" एवढंच आलं तर पायरी २ कडे परत.

पायरी ९: प्रश्नोत्तरं

प्रश्न आला की माइकवर परत म्हणा, मागच्यांना ऐकू आलेला नसतो आणि तुम्हालाही विचार करायला पाच सेकंद मिळतात. "माझा प्रश्न नाही, दोन शब्द बोलायचेत" असं म्हणणारे एक काका प्रत्येक सभेत असतात. त्यांचं पहिलं वाक्य संपलं की त्यातलाच एक मुद्दा उचला, "काकांनी चांगला मुद्दा काढला," आणि दुसऱ्याकडे वळा. त्यांना मान मिळतो, सभेला वेळ मिळतो.

पाणाड्याचा प्रश्न येणारच. "आमच्या पाणाड्याने सांगितलं तिथेच पाणी लागलं, त्याचं काय?" खोटं आहे असं म्हणू नका. म्हणा की पावसाळ्यानंतर बऱ्याच जागी थोडंफार पाणी लागतंच, त्यामुळे त्याचा नंबर बसतो, पण त्याने सांगितलेल्या किती जागा कोरड्या गेल्या ते कोणी लिहून ठेवलंय का? पुढच्या वेळी गावाने एक वही करा, जागा, खोली, किती इंच पाणी, उन्हाळ्यात टिकलं का. लोकांना हे पटतं, कारण तुम्ही त्यांना हरवलं नाहीत, मोजायला सांगितलंत.

उत्तर येत नसेल तर "हे मला माहीत नाही, बघून ग्रुपवर टाकतो" म्हणा आणि खरंच टाका.

शेवटी स्टेजवरून उतरलात की तिघे-चौघे गाठतात आणि प्रत्येकाला स्वतःच्याच बोअरचं विचारायचं असतं, "आमच्या प्लॉटवर कुठे मारू?" तिथे मोह आवरा. जागा न बघता बोट दाखवलंत तर तुम्ही आणि नारळवाला एकाच रांगेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्ह्याच्या ठिकाणी ऑफिस असतं, तिथे चौकशी करायला सांगा, आणि आधी आसपासच्या विहिरींची पातळी बघून यायला सांगा. बरणी बघायला मुलं येतात, त्यांना ओतू द्या, फक्त वरवंटा कोणाच्या पायावर पडणार नाही एवढं बघा.